नदीकाठच्या वाचनालयात पुराचं पाणी शिरलं तर पुस्तकं आणि जुनी कागदपत्रं कशी वाचवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव नदीकाठी, वाचनालय तळमजल्यावर, आठेक हजार पुस्तकं आणि दोन कपाटं भरून मोडी-उर्दू कागद. पावसाळ्याआधी काय तयारी करायची, आणि पाणी आत आलंच तर पहिलं काम कोणतं?

मी मराठवाड्यातल्याच एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षं वाचनालय सांभाळतो. आमच्याकडे पाणी शिरलेलं आहे, त्यामुळे बरंचसं अनुभवातून सांगतोय.

आधी ‘आपल्याकडे कुठला आलाय पूर’ हे मनातून काढा. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे खरं. पण त्याच मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा, सीना, गोदावरी काठच्या गावांत घुसल्या. आणि पाणी नदीतूनच येतं असंही नाही. आमच्या गच्चीच्या पन्हळीत पिंपळाची पानं अडकली, एका रात्रीत गच्चीचं तळं झालं आणि ते भिंतीतून थेट संदर्भ विभागाच्या कपाटांवर उतरलं. किल्ली एकट्या शिपायाकडे, त्याचं घर ओढ्यापलीकडे, आणि ओढा दुथडी भरलेला. दार उघडायला सकाळचे नऊ वाजले.

मग आम्ही कोणीही करेल तेच केलं. भिजलेली पुस्तकं उघडून कडक उन्हात पसरली. पुठ्ठे वाकडे झाले, आणि गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेल्या स्मरणिका वाळता वाळता विटेसारख्या घट्ट झाल्या. ती पानं पुन्हा सुटली नाहीत. सावलीत रचून ठेवलेल्या ढिगावर तिसऱ्या दिवशी हिरवट बुरशी दिसली. त्यात गावच्या जुन्या साप्ताहिकाचे बांधीव अंक होते. दुसरीकडे कुठेही ते मिळाले नाहीत, आणि ती हळहळ अजून जात नाही.

म्हणून एक आकडा पक्का लक्षात ठेवा: ४८ तास. आपल्या दमट पावसाळी हवेत ओल्या कागदावर साधारण एवढ्या वेळात बुरशी धरते. तेवढ्यात आठ हजार पुस्तकं कुणालाच वाळवता येत नाहीत. त्यामुळे आधी काय उचलायचं हे आजच, डोकं शांत असताना ठरवून कागदावर लिहा. कादंबऱ्या, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं पुन्हा विकत मिळतील, त्यांचा मोह सोडा. पहिले ते मोडी रुमाल आणि उर्दू बस्ते, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा निजामकाळातल्या अशाच कागदांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात दप्तरं उघडली गेली. त्यानंतर हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या गावच्या माणसांची पत्रं, स्थानिक नियतकालिकं, स्मरणिका. आणि दाखल नोंदवही. ती बुडाली तर आपल्याकडे काय होतं हेच सिद्ध करता येत नाही. तिची एक प्रत कार्यवाहांच्या घरी ठेवा, आणि रुमालांचे मोबाइलवर काढलेले फोटोही दुसऱ्या जागी ठेवा. त्याच कपाटातल्या पेनड्राइव्हचा काही उपयोग नाही.

पाणी आलं तर आधी वीज बंद. पुराच्या पाण्यात गटारही मिसळलेलं असतं, म्हणून हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय कुणाला आत सोडू नका. काही हलवण्याआधी फोटो काढा, पंचनाम्याला तलाठी येतील तेव्हा ते लागतात. मग मोंढ्यातून टोमॅटोचे प्लास्टिक क्रेट आणा. त्यांना भोकं असल्यानं पाणी निथळतं. पुस्तकं कण्यावर उभी, एकाच थरात, सैल ठेवा. भिजलेलं पुस्तक फुगतं, गच्च भरलेल्या रॅकमध्ये ते अडकून बसतं, ओढलं की कणा हातात येतो. मिटलेलं पुस्तक उघडू नका, पिळू नका. मोडी कागद तर चोळूच नका: बोरूनं लिहिलेली काजळाची शाई डिंकात कालवलेली असते, ओली असताना बोट फिरलं तरी अक्षर पुसतं. रुमाल न सोडता तसाच निथळू द्या.

थोडीशीच ओली पुस्तकं पंख्याखाली उभी करून, पानं जरा फाकवून वाळवा. मध्ये टीपकागद किंवा कोरा न्यूजप्रिंट घाला आणि तो बदलत राहा. छापील वर्तमानपत्राची शाई उतरते. पण जे जास्त भिजलंय, जे आर्ट पेपरचं आहे आणि जे रुमाल आहेत, ते गोठवा. बर्फात बुरशी वाढत नाही, आणि तुम्हाला महिनोन्महिने सवड मिळते. गावातल्या आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर उणे १८ अंशांपर्यंत जातो, तेवढा पुरतो. फळांच्या शीतगृहात शून्याच्या वरच तापमान असतं, तिथे बुरशी फक्त रेंगाळते. प्रत्येक पुस्तक प्लास्टिकमध्ये वेगळं गुंडाळा, नंतर थोडी थोडी बाहेर काढून वाळवा. काचेच्या निगेटिव्ह मात्र फ्रीझरमध्ये घालू नका. जुने फोटो एकमेकांना चिकटून वाळू देऊ नका.

फ्रीझरवाल्याशी आजच बोलून ठेवा. १९६६ साली फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आर्नो नदीचा पूर शिरला तेव्हा पुस्तकं वाळवायला तंबाखूच्या भट्ट्यासुद्धा वापरल्या गेल्या. तुमच्याही गावात डेअरी असेल, लग्नाचा मंडपवाला असेल, त्याचे मोठे पंखे असतील. त्यांची नावं आणि नंबर त्याच कागदावर लिहा.

बाकी तयारी फार खर्चाची नाही. रुमालांची कपाटं वरच्या मजल्यावर न्या, पण गच्चीची गळती तपासून मगच. खाली रॅकचा तळाचा कप्पा जमिनीपासून निदान अर्धा फूट उंच हवा. कपाटं वरून एकमेकांना आणि भिंतीला पट्ट्यांनी आवळून घ्या. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीची जमीन पहाटे हलली, तेव्हापासून आपल्या भागात हे काम कुठल्याही वाचनालयानं टाळू नये. पन्हळ मेअखेरीस साफ करायची, आणि पुन्हा ऑगस्टमध्ये.

किल्ल्या तीन करा. एक गावाच्या अलीकडे, एक पलीकडे, एक वाचनालयाला लागून राहणाऱ्या माणसाकडे. तुमच्या रुमालांपैकी एखादा अजून कुणी वाचलेलाच नसेल, तर त्याचे फोटो सगळ्यात आधी काढा.