छत गळतंय, गिलावा पडतोय. स्लॅब बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात 1988 चं घर आहे, वरच्या खोलीत दर पावसाळ्यात ओल येते, यंदा छताचे पोपडे पडून एके ठिकाणी सळई दिसू लागली आणि ठेकेदार वरून नवा कोबा (पाणी अडवायला विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) टाकू म्हणतो. तूर्त कोब्याला हो म्हणू नका. पाणी कुठून मुरतं हा वेगळा प्रश्न आहे. स्लॅब ठेवायचा की उतरवायचा, हे आतलं लोखंड ठरवतं.

एक भेग आधीच हिशोबातून काढा. वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या लगत खाली भिंतीवर आडवी सरळ गेलेली भेग आपल्याकडे खूप घरांत असते. मे महिन्यात 45 अंशांत स्लॅब तापून पसरतो, रात्री आखडतो; भिंत तेवढी हलत नाही, म्हणून तिथे फटतं. तिच्यासाठी स्लॅब पाडू नये.

काळजीची भेग स्लॅबच्या पोटाला असते. 5-6 इंचांवर एकीला समांतर दुसरी, कडेला तपकिरी डाग. त्या रेषांच्या मागे सळया आहेत. गंज मूळ लोखंडापेक्षा 2 ते 6 पट जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. म्हणूनच त्यावर नुसता गिलावा चोपडला तर तोही लवकरच पडतो.

हेल्मेट आणि चष्मा घालून लहान हातोडीनं सगळं छत हळूच ठोकून बघा. चांगलं काँक्रीट टणटण वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. बद्द वाजेल तिथे खडूनं घेरा काढत जा. मग उघडी सळई तारेच्या ब्रशनं लोखंड चमकेपर्यंत घासा आणि व्हर्नियरनं (जाडी मोजायच्या पट्टीनं) तीन-चार जागी मापा. 8 मिमीची सळई 7 भरली तर फरक 1 मिमीचाच वाटतो, पण ताकद क्षेत्रफळावर असते: व्यासाच्या वर्गानं बघा, 64 च्या जागी 49, म्हणजे जवळपास 23 टक्के लोखंड गेलं. हे एखाद्या कोपऱ्यात असेल तर सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढून, नवी सळई जोडून, पॉलिमर मॉर्टरनं (चिकट रसायन घातलेल्या सिमेंट-वाळूच्या मिश्रणानं) भरता येतं. निम्म्याहून जास्त छत बद्द वाजत असेल आणि खोलीच्या मधल्या सळयाही अशाच झिजल्या असतील, तर माझ्या मते दुरुस्तीत पैसा घालू नये, स्लॅब उतरवावा.

झोलही बघा. भिंतीपासून भिंतीपर्यंत, दोन्ही टोकांना छतापासून सारखं अंतर ठेवून दोरी ताणा आणि मध्ये ते अंतर किती कमी होतं ते मापा. दोन भिंतींत 12 फूट अंतर असेल तर मध्ये दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त झोल धोक्याचा. सेंट्रिंग (स्लॅब ओततानाचा फळ्यांचा साचा) मुळातच वाकडं लागलेलं असू शकतं, म्हणून आकडा लिहून ठेवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा मापा. वाढला, तर थांबू नका.

सज्जा मात्र उलटा तपासायचा. त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते, म्हणून भिंतीलगत वरून गेलेली भेग सगळ्यात वाईट. असा सज्जा फारसा इशारा न देता पडतो. त्यावर कूलर असेल आणि उन्हाळाभर पाणी ठिबकत असेल, तर कूलर आधी खाली घ्या.

आता कोबा. 4 इंचांचा विटांचा कोबा चौरस मीटरला पावणेदोनशे ते दोनशे किलो भरतो, म्हणजे 10 बाय 12 च्या खोलीवर सुमारे दोन टन. जुना न काढता दुसरा टाकणं म्हणजे अशक्त स्लॅबवर आणखी दोन टन.

30 वर्षं झालेल्या इमारतीची महापालिकेकडे नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी कायद्यानंच बंधनकारक आहे, तेव्हा तुम्हाला ती करावीच लागेल. खडूच्या खुणा त्यांना दाखवा. स्लॅब नवा टाकायचा ठरलाच तर दिवाळीनंतर टाका, उन्हाळ्यात तराई (नवं काँक्रीट पाण्यानं ओलं ठेवणं) नीट होत नाही. तोवर त्या खोलीतला पलंग-पाळणा हलवा, सळई दिसते तिथे फळी लावून बल्ल्यांचा टेकू द्या, आणि वर 1000 लिटरची टाकी असेल तर रिकामी करा. भरलेली टाकी एक टनाची असते.