ताट वेगळं, खिडकी बंद

ठाण्याहून एका मुलीचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणते. तिच्या धाकट्या जावेला, वय सव्वीस, तीन आठवड्यांपूर्वी फुप्फुसाचा टीबी निघाला. गोळ्या लगेच सुरू झाल्या. सासूबाईंनी जावेचं ताट-वाटी वेगळं केलं आणि ओळखू यावं म्हणून ताटाच्या पाठीला लाल नेलपेंटचा ठिपका लावला. नवरा म्हणतो, सहा महिने तिला माहेरी पाठवू. दीर म्हणतो, काही होत नाही, उगाच बाऊ करू नका. घरातल्यांच्या तपासणीचं नाव काढलं की चिडतो, माझ्या बायकोला बदनाम करताय म्हणतो. बिल्डिंगमध्ये कुणकुण लागली, कामवाल्या मावशी यायच्या थांबल्या. पत्र लिहिणारीचा मुलगा तीन वर्षांचा. आजवर काकूच्याच हातून जेवायचा. आता तिच्या बंद दारापाशी जाऊन बसतो, मग आई त्याला उचलून आणते आणि साबणाने त्याचे हात धुते. शेवटी विचारलंय, "मावशी, मी वाईट आहे का?"

नाही गं. तू आई आहेस आणि घाबरली आहेस. तुझ्या जागी मी असते तर मीही लेकराचे हात धुतले असते. पण तुझ्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. "तिच्या खोलीच्या खिडक्यासुद्धा बंदच ठेवतो, हवा बाहेर जायला नको म्हणून." तिथेच घोळ आहे बघ. टीबी ताटातून, वाटीतून, कपड्यांतून किंवा हात लावल्याने होत नाही. रोगी खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा जंतू हवेत जातात. बंद खोलीत ते तासन् तास तरंगत राहतात. वारा खेळता असला की विरतात, आणि उन्हात तग धरत नाहीत. म्हणजे तुम्ही निरुपद्रवी ताटाला खूण केलीत आणि जी हवा बाहेर जायला हवी ती कोंडून ठेवलीत. हे वाचून झालं की आधी त्या खिडक्या उघड.

आता माहेरी पाठवण्याचं. हा प्रश्न आपल्या देशात फार पूर्वी रीतसर तपासला गेलाय. पूर्वी क्षयाच्या रोग्याला सॅनेटोरियममध्ये ठेवायचे, आपल्याकडे पाचगणीला, मिरजेला. 1950च्या दशकात मद्रासला डॉक्टरांनी काही रोगी सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या, गरीब घरांतच औषधं दिली. 1959 साली निष्कर्ष आले. घरी राहून औषध घेणारेही तसेच बरे झाले, आणि पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवूनही त्यांच्या घरातल्यांना जास्त लागण झाल्याचं दिसलं नाही. कारण धोक्याचा मोठा काळ असतो तो निदानाच्या आधीचा. औषध लागू पडलं की साधारण दोन-तीन आठवड्यांत संसर्ग पसरवण्याची ताकद खूप उतरते. तुमचे तीन आठवडे झालेच आहेत. बेडक्याची तपासणी कधी करायची ते डॉक्टरांना विचारा. ते सांगेपर्यंत तिने चारचौघांत मास्क लावावा, खोकताना तोंडावर रुमाल धरावा आणि हवेशीर खोलीत एकटीने झोपावं. माहेरी पाठवलंत तर तिथेही माणसंच राहतात ना? शिवाय जागा बदलताना गोळ्यांमध्ये खंड पडला तर सगळंच अवघड होऊन बसतं. हे नवऱ्याला नीट समजावून सांग.

आणि दिरालाही सांगायला हवं, कारण चूक त्याचीही आहे. "काही होत नाही" हे मोठ्या धीराचं वाक्य वाटतं, पण तुझ्या मुलासाठी ते धोक्याचं आहे. तिला खोकला होता आणि टीबी आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, त्या दिवसांत तो तिच्या मांडीवर बसून जेवत होता. जंतू शिरलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही. शंभरातल्या पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी होतो. पाच वर्षांखालच्या मुलांचं मात्र वेगळं असतं. त्यांच्यात आजार लवकर उलटतो, कधी मेंदूपर्यंत जातो. बीसीजीची लस त्या जीवघेण्या प्रकारांपासून बरंच संरक्षण देते, पूर्ण नाही. म्हणून जावेचं उपचाराचं कार्ड घेऊन मुलाला सरकारी आरोग्य केंद्रात ने. ते वजन बघतील, लागेल ती तपासणी करतील, आणि आजार नसेल तर तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध देतील. ते फुकट मिळतं. घरातल्या मोठ्यांनीही तपासून घ्या. यात बदनामी कसली? ज्या घरात टीबी निघतो त्या प्रत्येक घरासाठी हेच सांगितलेलं आहे.

ताटाबद्दल मला आणखी बोलायचंय. माझ्या आत्याला लहान वयात क्षय झाला होता. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं घेऊन ती खडखडीत बरी झाली. पण कान तुटलेला एक कप मोरीवरच्या कोनाड्यात तिच्या नावाचा होता, तो तसाच राहिला. बरी झाल्यावर कितीतरी वर्षांनीही पाहुण्यांकडे चहा आला की ती म्हणायची, "मला नको, पित्त होतं." पित्त तिला कधीच नव्हतं. तुझी जाऊ रोज जेवण झाल्यावर ते ताट स्वतः घासते, असं तू लिहिलंयस. घासताना तो लाल ठिपका तिला दिसत असणार.

त्यापेक्षा ताटात काय वाढता ते बघा. झारखंडमध्ये टीबीच्या रोग्यांच्या कुटुंबांना सहा महिने धान्य-डाळीचा जास्तीचा शिधा दिला, तर घरात नव्याने टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं. 2023 साली हे प्रसिद्ध झालंय. सरकारकडून रोग्याच्या खात्यात उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1000 रुपये पोषणासाठी येतात, नाव नोंदवलंय ना ते विचार. डाळ, अंडी, शेंगदाण्याचा लाडू, दूध. सगळ्यांनाच वाढ. सासूबाईंना काही करावंसं वाटत असेल, आणि वाटतच असणार, तर त्यांना हे काम दे. त्या दुष्ट नाहीत. त्यांच्या लहानपणी क्षय म्हणजे घरातून माणूस जाणं होतं.

बिल्डिंगला खुलासे देत बसू नका. कुणी तोंडावर विचारलंच तर सांग, औषध चालू आहे, आणि तुमच्याकडे दोन आठवड्यांहून जास्त खोकला कुणाला असेल तर तपासून घ्या.

जावेशी मात्र आजच बोल. गोळ्यांनी लघवी केशरी होते, ते बघून ती एकटीच घाबरली असेल. तिला सांग की ते औषधाचंच आहे. मुलाला इतक्यात मांडीवर द्यायची गरज नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांब. पण संध्याकाळी गच्चीत नाहीतर अंगणात, मोकळ्या हवेत, तिने मास्क लावून चार हात लांबून त्याला गोष्ट सांगायला काय हरकत आहे? त्याला काकू दिसू दे, आणि तिलाही तो.

नेलपेंट रिमूव्हरने निघतं. मुलाच्या तपासणीत काय निघालं ते मला कळव.

— मावशी