रायबागच्या चोपण रानातला जिवाणू नवा आहे का? (माझं उत्तर)

तुमच्या पोस्टमध्ये होतं ते एवढं: उसाच्या चोपण (क्षारपड) रानातली पांढरी माती, १० टक्के मिठाच्या प्लेटवर केशरी कॉलनी, १६एसची (जिवाणू ओळखायला वाचतात त्या जनुकाची) सगळ्यात जवळच्या जातीशी जुळणी ९८.१ टक्के आणि प्रश्न एकच, 'हा नवा असेल तर नाव काय द्यायचं?' तुमची पोस्ट वाचताना बारा वर्षांपूर्वीचा मीच समोर बसलोय असं वाटलं.

शुद्ध कल्चर कसं करायचं ते सांगत बसत नाही, तुम्हाला येतंच. तुमचे सर म्हणतात, ९७च्या वर म्हणजे जुनीच जात. तो १९९४चा हिशेब. हल्ली रेघ ९८.७च्या आसपास धरतात, तुमचा ९८.१ तिच्या खाली, म्हणजे नवा असू शकतो. पण तुमचा १६एसचा तुकडा जेमतेम ७०० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) दिसतोय. १४०० च्या वर वाचून घ्या, आकडा बदलू शकतो. पुढे जीनोम (सगळा डीएनए) लागणारच: जवळच्या जातींशी जीनोम किती जुळतो त्याची दोन मापं, एएनआय ९५-९६ टक्क्यांच्या खाली आणि डिजिटल डीडीएच ७०च्या खाली आलं, तर आशा धरा.

माझ्या अशाच एका जिवाणूचं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. टाइप स्ट्रेन (नव्या जातीचा अधिकृत जिवंत नमुना) दोन वेगळ्या देशांतल्या दोन जिवाणू-संग्रहांत ठेवल्याशिवाय नवं नाव ग्राह्य होत नाही. मी एका संग्रहाकडे पाठवला. फॉर्मवर माध्यमाच्या (जिवाणू कशावर वाढवायचा त्या) रकान्यात लिहिलं, 'न्यूट्रिअंट आगर + मीठ'. किती, ते लिहिलं नाही! दोन महिने उत्तर नाही. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. शेवटी एका ओळीची मेल, 'वाढ नाही'. मीठ किती घातलंत विचारलं, तर म्हणे 'नेहमीसारखं'. नेहमीसारखं म्हणजे अर्धा टक्का. माझा गडी तीन टक्क्यांखाली हलायचा नाही. एक फोन करून विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? असो, रकाना मीच अर्धा सोडला होता.

त्याहून मोठा गाढवपणा म्हणजे माझ्याकडे एकच स्लँट (नळीतल्या तिरक्या आगरवर वाढवलेलं कल्चर) होता. ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉलमध्ये गोठवून जपायचा साठा) 'पुढच्या आठवड्यात करू'. तो स्लँट फ्रिजमध्ये वाळून गेला. पुन्हा माती आणायला कुडचीजवळच्या त्याच रानात गेलो, तर मालकांनी निचऱ्याचे पाइप घातलेले, मीठ धुऊन गेलेलं, ऊस डोक्याएवढा. "सवळू गेलं की सर, पेढे खावा!" म्हणाले. सवळू म्हणजे रानातला खार. खाल्ले.

तेव्हा आजच पाच-सहा स्टॉक करा, ग्लिसरॉलमध्येही तेवढंच मीठ घाला, दोन वेगळ्या ठिकाणच्या उणे ८० फ्रीजरमध्ये ठेवा. मिठाचा टक्का लेबलवर, फॉर्मवर, सोबतच्या पत्रात, तिन्हीकडे लिहा. परदेशी पाठवायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी बघा. मी वकील नाही आणि नियम बदलत असतात, पण माझ्या मते हे काम जीनोमच्याही आधी सुरू करावं.

ग्रॅम स्टेनिंग (जिवाणू रंगवून बघणं) करताना सांभाळा, जास्त मिठातल्या पेशी साध्या पाण्यात फुटू शकतात. स्मिअर (काचपट्टीवरचा पातळ थर) २ टक्के अॅसेटिक अॅसिडने फिक्स करा. प्लेटा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, नाहीतर सुकून मिठाचे खडे धरतात. मी एकदा ते कॉलनी म्हणून मोजलेत. नाव गावाचं द्या. स्वतःचं आडनाव नको, जिवाणूंच्या नावांची नियमावलीही ते टाळा म्हणते.

आणि बिनमिठाच्या प्लेटवर लावून बघितलंत का? तिथेही मजेत वाढला, तर तो मीठ सोसणारा, मीठ लागणारा नव्हे. ते आधी बघून इथेच लिहा.