टूडीमधल्या, म्हणजे पातळ थरात अडकलेल्या इलेक्ट्रॉनच्या इफेक्टिव्ह मासबद्दल (क्रिस्टलमध्ये तो जणू किती जड वागतो), नवीन मुलांसाठी

अरे, गॅलियम आर्सेनाइडचं ०.०६७ किंवा सिलिकॉनचं ०.१९ हे पुस्तकातले आकडे (मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या मासच्या पटीत) बँड मास आहेत, म्हणजे फक्त क्रिस्टलच्या रचनेमुळे येणारं मास, इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात ते त्यात धरलेलंच नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गर्दी वाढली की चालणं जड होतं ना, इथे बरोब्बर उलटं, डेन्सिटी कमी केली की कायनेटिक एनर्जी कूलम्ब एनर्जीपेक्षा (एकमेकांना ढकलण्याची एनर्जी) जास्त वेगाने घटते, म्हणजे आरएस (कूलम्ब भागिले कायनेटिक, असं ते गुणोत्तर) वाढतो, आणि सिलिकॉनमध्ये तर मास चांगलंच वाढलेलं दिसतं. मोजायला शुबनिकोव्ह-डी हास (मॅग्नेटिक फील्ड बदललं की रेझिस्टन्समध्ये उठणाऱ्या लाटा) घे, तापमान वाढवत गेलास की लाटांची उंची किती झपाट्याने खाली येते त्यावरून मास काढायचं, पण करंट अगदी कमी ठेव हां, नाहीतर इलेक्ट्रॉन तापतात आणि आकडा चुकतो. सायक्लोट्रॉन रेझोनन्सवर (मॅग्नेटिक फील्डमध्ये गोल फिरणारे इलेक्ट्रॉन कुठल्या फ्रिक्वेन्सीला रेडिएशन शोषतात ते बघून मास काढणं) भिस्त नको, वॉल्टर कोनच्या १९६१च्या प्रमेयामुळे तिथे इंटरॅक्शन दिसतच नाही.