वाचकांचे प्रश्न : मॅकओएससाठी जुळवलेला डेस्कटॉप आणि थंडरबोल्ट

प्रश्न : मी ध्वनिमुद्रणाचे काम करतो. माझा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारे साधन) आणि बाहेरची डिस्क ही दोन्ही साधने थंडरबोल्ट या वेगवान जोडणीवर चालतात. जुना मॅक आता कामाला पुरत नाही, म्हणून सुटे भाग घेऊन डेस्कटॉप जुळवावा आणि त्यावर मॅकओएस चालवावी असा विचार आहे. इंटेलचा दहाव्या पिढीचा आय-७ १०७०० प्रोसेसर, झेड४९० चिपसेटचा मदरबोर्ड, एएमडीचे आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड आणि वेगळे थंडरबोल्ट ३ कार्ड, अशी यादी केली आहे. थंडरबोल्ट कार्ड स्लॉटमध्ये बसवले की काम होईल ना?

उत्तर : आपली यादी विचारपूर्वक केलेली आहे, हे आधी सांगतो. अ‍ॅपलने २०२० साली आणलेला २७ इंची आयमॅक हा इंटेल प्रोसेसर असलेला त्यांचा शेवटचा नवा डेस्कटॉप होता आणि त्यात दहाव्या पिढीचेच प्रोसेसर होते. त्यामुळे हा प्रोसेसर आणि त्याच्या पोटातले यूएचडी ६३० ग्राफिक्स मॅकओएसच्या ओळखीचे आहेत. अकराव्या पिढीपासून पुढच्या डेस्कटॉप प्रोसेसरांमधल्या ग्राफिक्ससाठी मॅकओएसमध्ये ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा प्रोग्राम, नाही. आरएक्स ६६०० चा ड्रायव्हर मॅकओएस मॉन्टेरेच्या १२.१ आवृत्तीपासून आहे. याउलट आरएक्स ६७०० एक्सटी, आरएक्स ७००० मालिका किंवा एनव्हिडियाची अलीकडची कार्डे कितीही दमदार असली, तरी मॅकओएसला ती चालवता येत नाहीत.

अडचण आहे ती यादीच्या शेवटच्या ओळीत, आणि ती समजून घेतल्याशिवाय पैसे गुंतवू नयेत. थंडरबोल्टकडे आपण एक वेगवान यूएसबी म्हणून पाहतो, कारण तिसऱ्या आवृत्तीपासून दोघांच्या खाचेचा आकार एकच झाला. प्रत्यक्षात इंटेलने अ‍ॅपलच्या साथीने विकसित केलेले आणि २०११ च्या मॅकबुक प्रोमध्ये प्रथम आलेले हे तंत्र मदरबोर्डावरची पीसीआय एक्स्प्रेसची वाट (स्लॉटमधली कार्डे प्रोसेसरशी बोलतात तो मार्ग) आणि डिस्प्लेपोर्टचे, म्हणजे मॉनिटरकडे जाणारे, चित्र एकाच केबलीतून पेटीबाहेर नेते. आपण इंटरफेसची केबल लावता, तेव्हा संगणकाच्या दृष्टीने चालू यंत्राच्या स्लॉटमध्ये एक नवे कार्ड येऊन बसते आणि केबल काढली की ते कार्ड उपटून निघते. अशा येण्याजाण्यासाठी जागा आधीच राखून ठेवावी लागते, ती कुणीतरी सांभाळावी लागते, आणि सगळा घोळ होतो तो ही सांभाळणी कुणी करायची यावरून.

थंडरबोल्ट ३ च्या काळातल्या विंडोज संगणकांत ही जबाबदारी थंडरबोल्टच्या नियंत्रक चिपमधल्या फर्मवेअरकडे, म्हणजे चिपसोबतच साठवलेल्या प्रोग्रामकडे, असे. साधन जोडले गेल्याचे तेच ओळखे, मार्गही तेच आखून देई आणि विंडोजला तयार जोडणी मिळे. अ‍ॅपलच्या मॅकमध्ये हे काम कार्यप्रणालीचा स्वतःचा ड्रायव्हर करतो. विंडोज संगणकांसाठी बनवलेले कार्ड आपण मॅकओएससमोर ठेवतो, तेव्हा चिपमधले फर्मवेअर आपला ताबा सोडत नाही आणि मॅकओएसच्या ड्रायव्हरला त्याच्याशी बोलता येत नाही. म्हणूनच असे कार्ड बसवल्यावर ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये थंडरबोल्टच्या नावापुढे ‘ड्रायव्हर लोड झालेला नाही’ अशा अर्थाचा संदेश दिसतो, पण त्याच खिडकीत पीसीआयच्या यादीत आपला इंटरफेस व्यवस्थित नांदत असतो. हे विसंगत वाटेल, पण तसे नाही. संगणक सुरू होण्यापूर्वी साधन जोडलेले आणि चालू असेल, तर बायोसने, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डावरच्या प्रोग्रामने, त्याची नोंद घेतलेली असते आणि मॅकओएस त्याला साधे पीसीआय कार्ड समजून वापरते.

आपल्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच दोन भागांत द्यावे लागते. इंटरफेस आणि डिस्क आधी चालू करायची, मग संगणक सुरू करायचा आणि दिवसभर केबलीला हात लावायचा नाही, एवढी शिस्त आपल्याला चालणार असेल, तर कार्ड बहुधा काम देईल. स्टुडिओत इंटरफेस जागचा हलत नाही, त्यामुळे अनेकांचे एवढ्यावर भागते. चालू संगणकाला डिस्क लावता-काढता यावी, किंवा संगणक झोपेतून (स्लीपमधून) उठल्यावर सगळे जिथल्या तिथे सापडावे, अशी अपेक्षा असेल तर मात्र ओपनकोअर या बूटलोडरमध्ये, म्हणजे अशा संगणकावर मॅकओएस सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये, त्या मदरबोर्डासाठी लिहिलेली एसएसडीटी ही एसीपीआय फाइल (बोर्डावरच्या भागांची माहिती कार्यप्रणालीला देणारी फाइल) घालावी लागते आणि बहुतेक वेळा कार्डावरच्या चिपमधले फर्मवेअरही बदलावे लागते.

हे फर्मवेअर बदलणे म्हणजे एखादा प्रोग्राम चालवून बटण दाबणे नव्हे. कार्ड संगणकातून पूर्ण बाहेर काढायचे, त्यावरची आठ पायांची छोटी फ्लॅश चिप शोधायची, तिच्या कोपऱ्यातला ठिपका आणि क्लिपची लाल तार एका बाजूला येतील अशी क्लिप बसवायची आणि तिला जोडलेल्या प्रोग्रामर या चिप वाचण्या-लिहिण्याच्या उपकरणाने आतला मजकूर वाचून घ्यायचा. मजकूर दोनदा वाचावा आणि दोन्ही फाइली अक्षरशः एकसारख्या आहेत का हे ताडून पाहावे. एका बाइटचाही फरक निघाला तर क्लिप नीट बसलेली नाही असे समजून पुन्हा सुरुवात करावी. मूळ मजकुराची प्रत जपून ठेवल्याशिवाय काहीही लिहू नये, कारण चूक झाल्यास परत फिरण्याची तेवढी एकच वाट असते. सीएच३४१ए हा सर्रास वापरला जाणारा प्रोग्रामर घेतलात, तर त्याच्या काळ्या रंगाच्या प्रचलित प्रकारात डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात आणि या चिपा ३.३ व्होल्टच्या असतात, हेही ध्यानात ठेवावे. ज्याने असे काम पूर्वी कधी केलेले नाही, त्याने ते उपजीविकेच्या यंत्रावर शिकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मदरबोर्डाविषयी. सुट्या कार्डाला स्लॉटखेरीज आणखी दोन जोडण्या लागतात. एक यूएसबी २.० च्या हेडरला, म्हणजे मदरबोर्डावरच्या पिनांच्या जोडणीला, जाते आणि दुसरी पाच पिनांची बारीक केबल मदरबोर्डावरच्या थंडरबोल्ट हेडरला. ही दुसरी केबल अनेकांच्या हातून राहते. माझ्या एका जुळणीत ती हेडरवर अर्धवटच बसली होती. कार्ड कधी दिसे, कधी नाहीसे होई, आणि मी मात्र दोन संध्याकाळी ओपनकोअरच्या फाइलीतल्या नोंदी बदलत बसलो. तेव्हापासून मी एक नियम पाळतो, आणि तो आपणही पाळावा: कोणतेही कार्ड प्रथम त्याच संगणकावर विंडोज चालवून तपासायचे, तिथे साधन लावून-काढून पाहायचे आणि तिथे ते निर्दोष चालल्यावरच मॅकओएसकडे वळायचे. विंडोजमध्ये न चालणारे कार्ड मॅकओएसमध्ये चालवण्याचा प्रयत्न म्हणजे भिंतीवर डोके आपटणे आहे.

कार्ड आणि बोर्ड एकाच कंपनीचे असावेत आणि त्या कार्डासाठी कंपनीने दिलेल्या बोर्डांच्या यादीत आपल्या बोर्डाचे नाव असावे. त्याहून उत्तम म्हणजे नियंत्रक बोर्डावरच असलेला मदरबोर्ड घेणे. आपल्या प्रोसेसरसाठी गिगाबाइटचा झेड४९० व्हिजन डी हा असा बोर्ड आहे. त्यावर इंटेलची टायटन रिज चिप आणि थंडरबोल्ट ३ ची दोन पोर्टे आहेत. यात केबलींचा आणि हेडरचा प्रश्न उरत नाही, शिवाय हा बोर्ड असंख्य लोकांनी याच कामासाठी वापरलेला असल्याने त्याच्या एसएसडीटी फाइली तयार सापडतात. सुटे कार्डच घेणार असाल, तर ज्या स्लॉटमध्ये ते बसणार आहे तो एम.२ डिस्कच्या खाचेशी पीसीआयच्या वाटा वाटून घेतो का, हे बोर्डाच्या पुस्तिकेत आधी पाहून घ्या.

बायोसमध्ये अबव्ह फोर-जी डीकोडिंग (कार्डांना चार गिगाबाइटच्या वरचे पत्ते देण्याची सोय) चालू, सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद आणि सिक्युअर बूट (फक्त मान्य सही असलेली प्रणाली सुरू होऊ देण्याचे बंधन) बंद, हे नेहमीचेच आहे. थंडरबोल्टची सुरक्षा पातळी मात्र ‘नो सिक्युरिटी’ ठेवण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि त्यामागचा धोका कुणी सांगत नाही. पीसीआयवरचे साधन संगणकाच्या स्मृतीपर्यंत थेट पोचू शकते. २०१९ मधील थंडरक्लॅप आणि २०२० मधील थंडरस्पाय या संशोधनांनी हेच दाखवून दिले होते की, यंत्रापर्यंत हात पोचलेला माणूस या पोर्टातून आत शिरू शकतो. स्वतःच्या बंद खोलीतल्या यंत्राला ही सूट देता येईल. येणारेजाणारे लोक ज्या यंत्राला साधने लावतात, त्या यंत्राला देऊ नये.

प्रश्न : थंडरबोल्ट कार्डाला ड्राइव्ह चालते, पण त्याच पोर्टाला मॉनिटर लावला की पडदा काळाच राहतो. कार्ड सदोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. कार्ड स्वतः चित्र तयार करत नाही, ते ग्राफिक्स कार्डाकडून आलेले चित्र पुढे पोचवते. त्यासाठी ग्राफिक्स कार्डाच्या डिस्प्लेपोर्टमधून एक छोटी केबल बाहेरच्या बाहेर फिरवून थंडरबोल्ट कार्डाच्या ‘डीपी-इन’ खाचेत लावावी लागते. ती केबल कार्डासोबत येते आणि पुष्कळदा खोक्यातच पडून राहते. ज्या बोर्डांवर नियंत्रक आधीपासून असतो, त्यांतल्या काहींना मागच्या बाजूला अशीच डीपी-इन खाच असते. अ‍ॅपलचा जुना थंडरबोल्ट डिस्प्ले जोडायचा असेल, तर अ‍ॅपलचे थंडरबोल्ट ३ ते थंडरबोल्ट २ अ‍ॅडॉप्टर चालते, पण त्याच अ‍ॅडॉप्टरवर मिनी डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर चालत नाही. दोन्हींची टोके हुबेहूब सारखी असल्याने इथे हमखास फसगत होते.

प्रश्न : यूएसबी-सीची कोणतीही चांगली केबल थंडरबोल्टसाठी चालेल का?

उत्तर : नाही. केबलीच्या टोकावर विजेचे चिन्ह आणि सोबत ३ किंवा ४ हा आकडा पाहूनच घ्यावी. थंडरबोल्ट ३ च्या लांब केबलींत सेकंदाला ४० गिगाबिट वेगासाठी टोकांत चिप बसवलेली असते आणि अशा सक्रिय केबलीतून साधे यूएसबी साधन जोडल्यास ते यूएसबी २.० च्या वेगानेच चालते. थंडरबोल्ट ४ ची केबल घेतल्यास हा त्रास टळतो. हे ४० गिगाबिट सगळे डिस्कच्या वाट्याला येत नाहीत, हेही लक्षात असू द्या. थंडरबोल्ट ३ मध्ये पीसीआयच्या डेटासाठी सुमारे २२ गिगाबिटच मिळतात आणि उरलेली वाट चित्रासाठी राखलेली असते.

प्रश्न : असे यंत्र करणे नियमात बसते का, आणि आज केलेले यंत्र किती वर्षे उपयोगी पडेल?

उत्तर : नियमात बसत नाही. मॅकओएसचा परवाना ती केवळ अ‍ॅपलची मुद्रा असलेल्या संगणकावर बसवण्याची मुभा देतो. अशी यंत्रे तयार करून विकणाऱ्या सायस्टार या अमेरिकी कंपनीवर अ‍ॅपलने २००८ मध्ये दावा लावला, २००९ मध्ये निकाल अ‍ॅपलच्या बाजूने लागला आणि २०११ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. शिकण्यासाठी म्हणून घरी कुणी असे यंत्र जुळवले, तरी परवान्याचा भंग तो भंगच, आणि हे जाणूनच निर्णय घ्यावा. ग्राहकांच्या कामाची हमी देणाऱ्या स्टुडिओने तर त्यावर उभे राहू नये.

मुदतीविषयीही तितकेच सरळ सांगायला हवे. अ‍ॅपलने जून २०२० मध्ये इंटेलपासून दूर जाण्याची घोषणा केली, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एम१ चिपचे मॅक आले आणि २०२५ मध्ये आलेली मॅकओएस २६ टाहो ही इंटेल यंत्रांवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचे कंपनीने जाहीर केले. तिच्यानंतर इंटेल यंत्रांना मिळतील त्या फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या, आणि नव्या संगीत-प्रणाली हळूहळू नव्या आवृत्त्यांची अट घालू लागतील. पुढच्या मॅकओएस अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपसाठीच लिहिलेल्या असतील आणि त्या कोणत्याही बूटलोडरच्या जोरावर इंटेल प्रोसेसरवर चालणार नाहीत.

म्हणून पहिला प्रश्न विचारणाऱ्या ध्वनिमुद्रक वाचकांना माझा सल्ला असा आहे की, भाग आधीच हाताशी असतील तर हे यंत्र जरूर जुळवा, कारण थंडरबोल्ट आतून कसे चालते हे त्यातून जितके कळते तितके वाचून कळत नाही. पण नव्याने खरेदी करायची असेल, तर एम१ किंवा त्यानंतरच्या चिपचा मॅक मिनी पाहावा. त्यावर थंडरबोल्टची पोर्टे मुळातच आहेत आणि चालू यंत्राला साधन लावणे-काढणे काहीही न करता जमते. घेण्याआधी एकच गोष्ट तपासा: आपल्या इंटरफेसच्या निर्मात्याने अ‍ॅपलच्या चिपसाठी ड्रायव्हर काढला आहे का. तो काढलेला नसेल, तर आपला जुना मॅक आहे त्याच आवृत्तीवर ठेवून त्यावरच मुद्रण चालू ठेवा आणि नवे यंत्र संपादनासाठी वापरा.