जुन्या युरोपीय चित्रांत ऑस्ट्रेलियाचा लायरबर्ड मोरासारखा का दिसतो? अस्सल छापचित्र कसं ओळखायचं?

एकेक पीस मन लावून काढणारे चित्रकार शेपटीलाच कसे चुकले, असं तुम्ही विचारलंय. चूक हाताची नव्हे, समोर ठेवलेल्या नमुन्याची. लंडनला पक्षी पोचायचा तो वाळलेलं कातडं होऊन. जॉन व्हाइटच्या 1790च्या न्यू साउथ वेल्सवरच्या पुस्तकासाठी बरीच पक्षीचित्रं काढणारी सारा स्टोन ऑस्ट्रेलियाला कधी गेलीच नाही. कातड्यात पिसांचा रंग बऱ्यापैकी टिकतो, पण डोळा उरत नाही आणि चोच, पाय, उघडी त्वचा सुकून विटते. त्यामुळे चित्रात आधी याच जागा तपासा.

आता लायरबर्ड. नराच्या शेपटीत 16 पिसं: कडेची दोन रुंद आणि वळलेली, मधली दोन तारेसारखी, उरलेली 12 जाळीदार. मेलेल्या पक्ष्याची शेपटी उभी करून पसरली की कडेच्या पिसांचा लायर या ग्रीक तंतुवाद्यासारखा आकार होतो आणि चित्रात तोच उतरतो. जिवंत नर मात्र नाचताना अख्खी शेपटी पाठीवरून पुढे उलटवतो, जाळीदार पिसांचा पडदा डोक्यावर येतो. लायरचा आकार दिसतो तो निसटता.

म्हणूनच एलिझाबेथ गोल्डचं काम मला फार मोलाचं वाटतं. 1838 ते 1840 ती ऑस्ट्रेलियात राहून ताज्या पक्ष्यांवरून रेखाटत होती. 1841 साली ती वारली. तिचा नवरा जॉन गोल्डच्या ऑस्ट्रेलियातल्या पक्ष्यांवरच्या सात खंडांतल्या 600 चित्रांपैकी 84 तिची, उरलेली बहुतेक हेन्री रिश्टरची.

ओळखायला दहापट भिंग घ्या. व्हाइटच्या पुस्तकातली चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली: पत्र्याच्या दाबाने कागदावर चौकटीचा खळगा उमटतो (समास छाटला असेल तर तो गेलेला असतो) आणि शाईची रेघ बोटाला किंचित उंच लागते. गोल्डची शिळाछाप, म्हणजे दगडावर काढून छापलेली (लिथोग्राफ): खळगा नाही, रेघ खडूसारखी रवाळ, रंग हाताने भरलेले, म्हणून कुठे रेघेबाहेर गेलेले, कुठे कडेला साचलेले. एकसारखे चाररंगी ठिपके दिसले तर ती अलीकडची छपाई.

व्हाइटचं पुस्तक साधं आणि रंगीत अशा दोन्ही रूपांत निघालं होतं. साध्या प्रतीतली पानं सुटी करून मागाहून रंगवलेलीही मिळतात, तेव्हा कागद आणि छाप जुनी असली तरी रंगावर भरवसा ठेवू नका. उलट, पांढऱ्या पिसांवर काळपट डाग असले म्हणून चित्र बाद करू नका. शिशाचा सफेदा (शिशापासून केलेला पांढरा रंग) हवेतल्या गंधकाने असाच काळवंडतो.