घोट्यामागची जाड शीर आणि एलडीएल २४८

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, आम्ही निपाणीजवळच्या खेड्यातले. आमचे हे ३९ वर्षांचे, अंगाने काटकुळे, दिवसभर शेतात राबतात, तंबाखूच्या मुलखात राहून तंबाखूला कधी शिवले नाहीत. विम्याच्या तपासणीत एलडीएल, म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, २४८ आलं. सासरे ४६ला अटॅकने गेले, थोरल्या दिरांना ४२ला स्टेंट बसलाय. मी तूप, कुंदा सगळं बंद केलं, तीन महिन्यांनी परत तपासलं तर २३१! यांच्या घोट्यामागची शीर पण जाड झालीय, हे म्हणतात चप्पल घासून. मुलगी ११ची, मुलगा ६चा, त्यांचं रक्त तपासायचं का? सासूबाई म्हणतात पोरीला आत्तापासून शिक्का नको, पुढं लग्नाला अडचण.

उत्तर : ताई, आधी त्या कुंद्याची माफी मागा, हे त्याचं काम नाही. एलडीएल १९०च्या वर आणि घरात पन्नाशीच्या आत हार्टचे दोन पेशंट म्हटल्यावर फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे आईबापाकडून आलेलं कोलेस्टेरॉल, हाच पहिला संशय. लिव्हरवर एलडीएल उचलून घेणारे रिसेप्टर असतात, मार्केट यार्डातले हमाल समजा, यांच्याकडे जन्मापासून निम्मेच हमाल कामावर, मग पोती पडून राहणारच की, माणूस काटकुळा असो नाहीतर जाडा. अडीचशेत साधारण एकाला हे असतं. पथ्य पाळा, पण त्याने उतरणार ते एवढंच.

ती शीर मात्र डॉक्टरांना नक्की दाखवा. ती रक्ताची नस नाही, टेंडन आहे, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी; तिच्यात कोलेस्टेरॉल साठून ती जाड होते, तसं असेल तर निदान जवळपास पक्कं. थायरॉइडही बघून घ्या, तो कमी पडला तरी एलडीएल चढतं. पुढं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, नाही भागलं तर सोबत इझेटिमाइब ही दुसरी गोळी. गोळी जन्माची आहे हं, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बंद करणारे मी खूप बघितलेत, अहो तो नॉर्मल आला गोळीमुळेच ना! चालताना छातीत दाटलं तर शेतातलं काम तिथंच टाकून दवाखाना गाठायचा.

पोरांचं दोघांचंही तपासा, प्रत्येकाला छापा की काटा इतकाच चान्स आहे. साधी लिपिड टेस्ट, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी, उपाशीपोटी नसली तरी चालते. निघालंच तर गोळी साधारण वयाच्या ८व्या ते १०व्या वर्षापासून देतात, तीही मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच. मुलीचं म्हणाल तर पुढं मूल हवं असेल तेव्हा स्टॅटिनबद्दल आधी डॉक्टरांशी बोलायचं, बहुतेक ती थांबवतात, लग्नाला आडवं येण्यासारखं यात काही नाही. दिरांच्या मुलांनाही सोबत न्या, आणि नणंद असेल तर तिला फोन करा, लग्न होऊन ती सांगलीला गेली म्हणून जीन काही माहेरी ठेवून जात नाही.